आधी सगळं कापून घ्यायचं

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी
मापांच्या जुन्या वहीत मागची कोरी पानं सापडली. छाती, कंबर, बाही असे रकाने छापलेले आहेत, पण लिहायला काही अडत नाही. आजपासून रोजनिशी. कोणी वाचावी म्हणून नाही. एका मोठ्या कामाची नोंद राहावी, एवढंच.

काम असं. धाकटीला नर्स व्हायचंय. नर्सिंगच्या शाळेची प्रवेश परीक्षा २९ मार्चला. बाकी विषयांत पोरगी तल्लख आहे. इंग्रजीच्या सराव परीक्षेत शंभरात एकोणतीस. पास व्हायला चाळीस लागतात.

काल क्लासवाल्या बाईंनी बोलावून घेतलं. म्हणाल्या, येतंय तिला हळूहळू, काळजी करू नका. घरात इंग्रजीचं वातावरण नाही ना, म्हणून वेळ लागतो. वातावरण नाही. मी समोर उभा होतो आणि माझ्या तोंडावर म्हणाल्या.

आज धाकटीचा क्लास बंद केला. मी स्वतः शिकवणार. शाळेत माझं इंग्रजी चांगलंच होतं. दहावीला त्या एका विषयात राहिलो, पण त्या वर्षी पेपर फार अवघड होता. सगळेच म्हणत होते.

३ फेब्रुवारी. दुपारी, दुकानात
रद्दीवाल्याकडून इंग्रजी व्याकरणाचं पुस्तक आणलं. कव्हर नाही, शेवटची पानंही नाहीत, पण मधला माल उत्तम आहे. इंग्रजीत सगळे शब्द मिळून आठच प्रकारचे. वाचून हसू आलं. एका साध्या शर्टाचे भाग मोजले. पुढचे दोन, पाठ, खांद्याची पट्टी, बाह्या दोन, कफ दोन, कॉलर, खिसा. दहा झाले. म्हणजे इंग्रजी शर्टापेक्षा सोपं. सव्वीस वर्षं मी कटिंग मास्टर आहे. दिवसाला पंधरा शर्ट कापतो.

आठवड्याला दोन प्रकार धरले तर महिन्यात विषय खलास. उरलेला महिना उजळणी. बाई याच गोष्टीसाठी वर्षानुवर्षं काय करतात, कळत नाही.

५ फेब्रुवारी. संध्याकाळी
नाऊन एका बैठकीत संपवलं. डाव्या हाताचा मळ. कात्री नाऊन, इस्त्री नाऊन, मालक नाऊन, बायको नाऊन. हिलाही सांगितलं, तू नाऊन आहेस. ही म्हणाली, एवढी बटणं लावून होऊ द्या, मग होते. ही दुकानातली काजं-बटणं घरी आणून करते. ज्ञानाची ओढ म्हणून कसली ती नाही.

खुणा ठरवल्या. नाऊनला गोल, व्हर्बला फुली, अॅडजेक्टिव्हला दोन रेघा, बाकीच्यांना त्रिकोण, टिंब वगैरे. दुकानात कापडाच्या उलट बाजूला खडूने करतो त्याच. धाकटी म्हणाली, बाई खुणा करायला नाही लावत, रोज पाच वाक्यं लिहायला लावतात. म्हटलं, म्हणूनच एकोणतीस.

९ फेब्रुवारी. सकाळी
व्हर्ब. व्हर्ब म्हणजे क्रिया. धावणे, कापणे, पडणे. सुरळीत चाललं होतं, पण 'इज' पाशी घोडं अडलं. तोही व्हर्ब आहे म्हणे. धाकटीने विचारलं, बाबा, 'शी इज अ नर्स' यात ती करतेय काय? मी म्हटलं, इंजेक्शन देतेय. तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं आणि फुली मारली.

नंतर पुस्तकात बघितलं. स्पष्ट काही दिलेलं नाही. पुस्तक जुनं आहे.

१२ फेब्रुवारी. दुपारी
आज धाकटीला दुकानातला मुख्य नियम दिला. मालकांच्या वडिलांपासून चालत आलेला. सगळं कापड कापून, गठ्ठा बांधून, वर चिठ्ठी लावल्याशिवाय मशीनला हात लावायचा नाही. अर्धं कापून शिवायला बसलं की पुढे कापड कमी पडतं आणि मग बोंबाबोंब. हा नियम मी सव्वीस वर्षांत एकदाही मोडलेला नाही. तसा मी मशीनवर कधी बसलेलोही नाही. शिवणं हे कारागिरांचं काम. डोकं लागतं ते कापायला.

तर परीक्षेतही तेच. पेपर हातात आला की आधी सगळा कापून घ्यायचा. एक-एक शब्दाला खूण. मग काय ते लिहायचं. धाकटीने विचारलं, आणि लिहायचं कधी शिकायचं? म्हटलं, कापलेलं व्यवस्थित असलं की शिवण आपोआप बसते.

१७ फेब्रुवारी. सकाळी
प्रेडिकेट नावाचं काहीतरी निघालं. आठांत नव्हतं. हा नववा पाहुणा कुठून आला. पुस्तक म्हणतं, ज्याच्याविषयी बोलायचं तो सब्जेक्ट, आणि त्याच्याविषयी जे काही म्हटलं जातं ते प्रेडिकेट. हे व्याकरण कसलं, या तर पारावरच्या गप्पा. कोण कोणाविषयी काय म्हणतं याला कुठली खूण करणार?

प्रेडिकेट उद्या.

१८ फेब्रुवारी
कामाची गर्दी. प्रेडिकेट उद्या.

२० फेब्रुवारी. दुपारी, जेवणाच्या सुट्टीत
एक किरकोळ प्रकार घडला. एका वकिलांचा कोट कापायला घेतला होता. हात कोटावर, डोकं अॅडव्हर्बवर. भरभर, हळूहळू, नेहमी, कधीकधी. असं मनात घोळवत कापत गेलो. मशीनवरचा कारागीर, ज्याला आम्ही चष्मा म्हणतो, गठ्ठा सोडून बराच वेळ बघत बसला. मग माझ्याजवळ येऊन खालच्या आवाजात म्हणाला, मास्टर, शिलाईला जागा सोडायची राहिली वाटतं.

सगळीकडे राहिली होती. बरोब्बर मापावर कापलेला कोट. एक सूतही जादा नाही. शिवला तर वकिलांच्या पुतण्याला होईल.

चष्म्याला म्हटलं, आधी सांगायचं नाही का? म्हणाला, तुम्ही पुटपुटत होता, वाटलं काही जप चाललाय.

२१ फेब्रुवारी. सकाळी
मालक ओरडले नाहीत. तेच जास्त लागलं. म्हणाले, मास्टर, तब्येत बरी आहे ना? आठ दिवस फक्त अस्तरं कापा. सव्वीस वर्षांनी अस्तरं. तसं पाहिलं तर कोट अस्तरावरच उभा असतो, लोकांना दिसत नाही एवढंच. शिवाय हलकं काम असलं की अभ्यासाला डोकं मोकळं राहतं. एका दृष्टीने बरंच झालं.

घरी सांगितलेलं नाही. चष्म्याची बायको हिच्याबरोबर बटणं आणायला येते, पण ती बोलायची नाही.

२२ फेब्रुवारी
बोलली.

२७ फेब्रुवारी. संध्याकाळी
रस्त्यात क्लासवाल्या बाई भेटल्या. मी समोरच्या फुटपाथवर जाणारच होतो, पण त्यांनी आधी पाहिलं. कसा चाललाय अभ्यास? म्हटलं, आठांपैकी सहा प्रकार संपले. त्या म्हणाल्या, छान, आणि काही लिहितेय का ती? म्हटलं, ती पुढची पायरी. बाई म्हणाल्या, तिचं लिहिणं सुरू झालं होतं हो, चुका करत का होईना पण पान भरायची. बंद पडू देऊ नका. माझ्याकडे कधीही पाठवा.

मला त्यांच्या बोलण्यातली जळजळ लगेच लक्षात आली. विद्यार्थिनी हातची गेली की असं होतं.

४ मार्च. सकाळी
दुकानातून पांढरं कापड आणलं आणि धाकटीचा नर्सचा गणवेश कापून टाकला. सुट्टीच्या दिवशी, घरच्या टेबलावर. सरप्राइज. तिचं माप काढलं नाही. पोटची पोर आहे, माप डोळ्यांत आहे. पाठ, पुढचे भाग, बाह्या, खिसे, सगळं कापून गठ्ठा बांधला आणि वर चिठ्ठी लावली. शिलाईला जागा सोडली आहे. दोनदा तपासलं.

हिला म्हटलं, परीक्षा झाली की शिवायला घे. हिने गठ्ठा हातात धरला, चिठ्ठी वाचली आणि फळीवर ठेवून दिला. काही बोलली नाही. आनंद झाला की ही गप्प होते.

८ मार्च. संध्याकाळी
आज मला थोडं कडक व्हावं लागलं. धाकटीच्या वहीत मागच्या बाजूला एक पान भरून लिहिलेलं सापडलं. मला नर्स का व्हायचंय, यावर. चोरून लिहिलेलं. विचारलं तर म्हणाली, रोज थोडं थोडं लिहिते, हात राहावा म्हणून. बघता का?

बघितलं. म्हणजे लाल पेन घेऊन खुणा करत गेलो. एकवीस शब्द असे निघाले की कुठल्याच प्रकारात धड बसेनात. दोन ठिकाणी तर गोल करावा की फुली हेच कळेना. म्हटलं, असा माल दुकानात आला तर मी परत पाठवीन. आधी कापणं पूर्ण होऊ दे. पान फाडायला लावलं नाही. तिनेच फाडलं.

पानात काय लिहिलं होतं ते नीट पाहिलं नाही. पहिल्या ओळीत आजी होती एवढं कळलं. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात धाकटीच तिचं सगळं करायची. तेव्हा चौदा वर्षांची असेल. त्याच्याविषयी असावं. वेळ असता तर वाचलं असतं.

१५ मार्च. दुपारी
आठही प्रकार पूर्ण. धाकटी आता वर्तमानपत्रातली कुठलीही इंग्रजी बातमी दहा मिनिटांत उभी-आडवी कापते. बातमीत काय आहे, विचारलं तर म्हणाली, ते नाही बघितलं. मला मनातून बरं वाटलं. कामात लक्ष असं हवं.

प्रेडिकेट राहिलंय. परीक्षेत विचारणार नाहीत.

पोरगी हल्ली जेवताना बोलत नाही. हिच्या मते तिला भीती वाटतेय. मी म्हटलं, माझ्या हाताखाली शिकलेल्याला कसली भीती.

२८ मार्च. सकाळी
उजळणी. धाकटीकडून वदवून घेतलं. पेपर हातात आला की काय करायचं? आधी सगळं कापून घ्यायचं. आणि घाई करायची? नाही. वचन? ती म्हणाली, बाबा, पण वेळ? मी म्हटलं, वचन. दिलं तिने.

रात्रभर मला झोप नव्हती. माझा काय संबंध, परीक्षा तिची आहे. तरी पहाटे उठून तिचं पेन चालतंय का ते तीनदा पाहिलं.

२९ मार्च, रविवार. संध्याकाळी
सकाळी तिला सोडायला गेलो आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाशीच उभा राहिलो. इतर मुलींचे बाप चहा प्यायला गेले. मी हललो नाही. तिसऱ्या खिडकीतून ती दिसत होती. खाली मान घालून सारखी खुणा करत होती. एकदा तिने वर पाहिलं. मी हवेत बोटांची कात्री चालवून दाखवली. तिने परत मान खाली घातली. ऊर भरून आला.

बाहेर आल्यावर विचारलं, कापलंस सगळं? म्हणाली, सगळं. एकही शब्द सुटला नाही? नाही. वेळ पुरला? यावर म्हणाली, चला घरी.

थकली असणार. हिशेबाने पंचाहत्तरच्या खाली येत नाही.

१४ एप्रिल. दुपारी
निकाल. बाकी सगळे विषय उत्तम. इंग्रजीत नऊ.

एक आकडा छापायचा राहिलाय. नव्वद असणार किंवा एकोणऐंशी. अशा चुका होतात. मी स्वतः कोटात शिलाईची जागा विसरलो, तर छापणारा माणूसच आहे.

१५ एप्रिल. सकाळी
उत्तरपत्रिका बघू द्या असा अर्ज केला. धाकटी म्हणाली, नका करू बाबा. म्हटलं, अन्यायापुढे मान तुकवायची नसते. ती आत गेली. ही माझ्याकडे अशी बघत होती की मी बूट घालून लगेच निघालो.

२० एप्रिल. संध्याकाळी
उत्तरपत्रिका बघितली.

कारकुनाने टेबलावर ठेवली आणि म्हणाला, आमच्यात यावर बरीच चर्चा झाली, हे आहे काय नक्की? पहिल्या पानावर उतारा उतरवून काढलेला, स्वच्छ अक्षरात. प्रत्येक शब्दाला खूण. गोल, फुली, दोन रेघा, टिंब. दुसऱ्या पानावर प्रश्न उतरवलेले, त्यांनाही खुणा. तिसऱ्या पानावर निबंधाचा प्रश्न होता. तुम्हाला नर्स का व्हायचंय? तोही कापलेला. आठ शब्द, आठ खुणा. त्याच्या खाली कोरं. पानभर कोरं. शेवटी एकच ओळ सुरू केली होती, माझी आजी, आणि तिथे वेळ संपला असावा.

एकही खूण चुकलेली नव्हती. माझ्याच खुणा, माझ्याच पद्धतीच्या, कोपरे माझ्यासारखे. कारकुनाला म्हटलं, काही कल्पना नाही बुवा.

म्हणालो असं. माझ्या तोंडून गेलं.

परत येताना बसमध्ये जागा असून उभाच राहिलो. याच प्रश्नाचं उत्तर आठ मार्चला तिच्या वहीत लिहिलेलं होतं. पानभर. मी त्याच्यावर लाल खुणा केल्या.

आणि हेही एकदा लिहून टाकतो, इथे कोण वाचतंय. दहावीचा माझा पेपर अवघड नव्हता. पहिलं वाक्य चुकेल म्हणून मी लिहिलंच नाही. तीन तास बसून राहिलो आणि कोरा देऊन आलो. घरी सांगितलं, पेपर अवघड होता. पुढच्याच आठवड्यात वडिलांनी दुकानात नेऊन बसवलं.

२१ एप्रिल. सकाळी
धाकटीला विचारलं, तुला कळत नव्हतं का, की लिहायला हवं? म्हणाली, अर्ध्या तासात कळलं होतं. मग? म्हणाली, वर बघितलं तर तुम्ही फाटकाशी उभे होता.

ही काज करत होती. दोरा तुटला तेवढा आवाज आला.

२४ एप्रिल. संध्याकाळी
बाईंकडे गेलो. वाटेत तयार केलेलं भाषण दारातच विसरलो. म्हटलं, परत घ्या तिला. त्यांनी काही सुनावलं नाही, चहा दिला. सुनावलं असतं तर बरं झालं असतं. एकच अट. अभ्यासात तुम्ही बसायचं नाही. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, बसायचंच असलं तर विद्यार्थी म्हणून या, संध्याकाळच्या वर्गात मोठी माणसंही असतात. मी म्हटलं, दुकानात फार काम असतं. अस्तरंच कापतोय अजून.

२५ एप्रिल. सकाळी
फळीवरचा पांढरा गठ्ठा खाली काढला. नुसतं बघावं म्हणून बाही धाकटीच्या हाताला लावली. मनगटाच्या चार बोटं वर राहिली. जुनं माप होतं डोळ्यांत. दोन वर्षांपूर्वीचं तरी असेल. चुरगळून परत बांधला. ही म्हणाली, टाकू नका, उशांचे अभ्रे होतील.

२७ एप्रिल, सोमवार. सकाळी
एकाच विषयात राहिलेल्यांना जुलैमध्ये परत बसता येतं. अर्ज करावा लागतो. आधी का जमलं नाही याचं कारण उमेदवाराने स्वतःच्या हाताने इंग्रजीत लिहायचं, खाली पालकाची सही. आज शेवटची तारीख.

धाकटीने अर्ज भरून माझ्यासमोर ठेवला. सवयीने खिशातून खडू काढला. परत ठेवला. नुसतं वाचलं. तीनच वाक्यं होती. माय फादर वॉज इल. आय हॅड टु टेक केअर ऑफ हिम. ही इज बेटर नाऊ.

मी आजारी कधी होतो, असं विचारणार होतो. विचारलं नाही.

पहिलं वाक्य कितीतरी वेळ बघत बसलो. सब्जेक्ट मी. माझ्याविषयी जे म्हटलंय ते पुढे. फेब्रुवारीपासून उद्यावर टाकलेला धडा होता, एका जागी बसून झाला. त्यातल्या 'वॉज'मध्ये मी काहीच करत नाही. तरी सगळं करून बसलोय.

शेवटचं वाक्य खरं आहे का, एवढं तिला विचारलं. म्हणाली, जुलैपर्यंत व्हायला हवं, बाबा. आणि पेन पुढे केलं. इंग्रजीत सही करायचा विचार होता, पण मराठीतच केली.